फोनवर ऐकलेली दारं

मिस्त्रीने शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून हात वर नेला, बिजागरीचा बोल्ट दोन बोटांत धरला आणि बोल्ट हलला. चांगला अर्धा फेरा हलला. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. गॅरेजच्या दाराचं दुखणं अर्ध्या मिनिटात सापडणं ही काही रोजची गोष्ट नव्हे. याचं मात्र तोंड कडू झालं. कारण हा बोल्ट सकाळपासून त्याच्या खिशातल्या कागदावर लिहिलेला होता, आणि लिहिणारीने हे दार जन्मात पाहिलेलं नव्हतं.

"सापडलं का?" खालून डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्या दातांच्या डॉक्टर, आणि कुरकुरणारं दार त्यांचं.

"बघतोय."

"तुमच्या ऑफिसातल्या ताई म्हणाल्या, डावीकडची बिजागरी आहे. दुसरी किंवा तिसरी. मी नुसता फोन दाराजवळ धरला होता हो." त्या हसल्या. "आमच्याकडे लोक तासभर आ वासून बसतात, तरी मला एक्स-रे काढल्याशिवाय सांगता येत नाही."

मिस्त्रीने पाना लावून बोल्ट आवळला. मग, गरज नसताना, रुळांतून फिरणाऱ्या दहाही चाकांना वंगण दिलं, फडक्याने रूळ पुसले, शिडी या टोकाची त्या टोकाला नेली आणि पाऊण तास काढला. बटण दाबल्यावर दार निमूटपणे वर गेलं आणि निमूटपणे खाली आलं. डॉक्टरीणबाई समाधानाने आत गेल्या.

गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून त्याने पेनाचं टोपण काढलं. कागदावर दोन रकाने असत. वरचा 'फोनवर', तो तिच्या गोल, टपोऱ्या अक्षरात भरलेला. खालचा 'जागेवर', तो त्याने भरायचा. खरं तर लिहायचं होतं एवढंच, 'बिजागरी, डावी, दुसरी.' त्याने लिहिलं, 'चाकं कोरडी. वंगण दिलं.'

कुणाचं काही बिघडलं नव्हतं. दार तर बरं झालं होतं. असं मनाशी म्हणत त्याने गाडी सुरू केली, आणि वाटेत एकदा शीळही घातली.

'ऑफिसातल्या ताई' म्हणजे मिस्त्रीची बायको, आणि ऑफिस म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. एक टेबल, एक फोन, भिंतीवर गावाचा नकाशा, कोपऱ्यात बोल्टांचे डबे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मिस्त्री सगळे फोन स्वतःच शिडीवर उभा राहून घेत असे, आणि निम्मे पत्ते चुकीचे लिहून घेत असे. बायको तेव्हा कपड्यांच्या कारखान्यात देखरेखीला होती. वीस वर्षं चाळीस शिवणयंत्रांच्या गोंगाटात तिने काढली होती. कुठल्या ओळीतल्या कितव्या यंत्राची सुई वाकली आहे, हे ती पाठमोरी असताना सांगत असे. कारखाना बंद पडला, ती घरी आली, आणि दोन दिवस रिकामी बसल्यावर तिसऱ्या दिवशी तिने टेबलापाशी खुर्ची ओढली.

सुरुवातीला ती फक्त नाव-पत्ता उतरवून घेई. मग एक दिवस ती एका गिऱ्हाइकाला म्हणाली, "दार जरा चालवता का? आणि फोन जवळ धरा. नाही, बोलू नका. नुसतं चालवा."

मिस्त्रीला हसू आलं होतं. "अगं, दार आहे ते. रेडिओ नव्हे."

पण तिचा कान तिखट. चाळीस यंत्रं ऐकलेल्या बाईला एक मोटर, एक स्प्रिंग आणि दहा चाकं म्हणजे काय मोठंसं? महिन्याभरात ती नेमकं सांगू लागली. मोटर गुणगुणते पण दार हलत नाही आणि आदल्या दिवशी धाडकन आवाज झाला होता, म्हणजे वरची स्प्रिंग तुटली; दाराला हात लावू नका, मिस्त्री येतील. दार खाली येता येता परत वर जातं आणि मोटरवरचा दिवा उघडझाप करतो, म्हणजे पायथ्याशी दोन बाजूंना जे दोन डोळे बसवलेले असतात, त्यांच्यावर धूळ नाहीतर कोळ्याचं जाळं. कोरड्या फडक्याने पुसा, मिस्त्रींची गरज नाही. लोकांनी पुसलं की दार चालू होई, आणि लोक परत फोन करून तिचे आभार मानत.

तेव्हा मिस्त्रीच तिचं कौतुक चार जणांना सांगत सुटला होता. ते कौतुक फिरून त्याच्याच अंगावर येईल, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

आता सुट्या भागांच्या दुकानात शिरलं की दुकानदार म्हणे, "या मिस्त्री. आज वहिनींनी काय मागवलंय?" आणि गल्ल्यावरचे दोघं हसत. नवं गिऱ्हाईक फोनवर त्याचा आवाज ऐकला की म्हणे, "ताई नाहीत का? मग मी नंतर करतो." एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर दार उघडून त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं होतं. "एकटेच आलात? मला वाटलं, बाई येतील." सव्वीस वर्षं हे काम केलेलं, डाव्या अंगठ्याचं नख एका स्प्रिंगने कायमचं नेलेलं, आणि आता हात याचे अन् नाव तिचं. मिस्त्रीच्या पोटात दुखू लागलं. खरोखरचं दुखावं तसं, जेवणानंतर.

सगळ्यात जास्त त्याला खुपायची ती संध्याकाळ. गाडीचा आवाज आला की ती दारात येऊन उभी राही, आणि पाणी विचारायच्या आधी हात पुढे करी. "बघू कागद." वरचा रकाना, खालचा रकाना. जुळलं की कोपऱ्यात छोटीशी बरोबरची खूण. ती खूण करताना तिचा चेहरा असा उजळे, की कारखान्यातल्या वीस वर्षांत तो तसा एकदाही उजळलेला त्याने पाहिला नव्हता. चांगल्या माणसाला ते पाहून बरं वाटलं असतं. मिस्त्रीलाही वाटायला हवं होतं.

आणि एक गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. एकदा तिने फोन मोठ्या आवाजावर लावला आणि त्याला बोलावलं. "ऐका. खडखडीच्या मागे एक बारीक टिकटिक आहे. ढोलावर तार गुंडाळली जाताना येते. तारेचा एक धागा तुटून वर आलाय, तो दर फेऱ्याला अडकतोय. ऐकली?"

"ऐकली की," मिस्त्री म्हणाला.

त्याला फक्त खडखड ऐकू आली होती. जागेवर गेला तर तारेचा एक धागा खरंच केसासारखा उभा राहिला होता.

तर त्या संध्याकाळी तिने डॉक्टरीणबाईंचा कागद हातात घेतला आणि दोनदा वाचला.

"चाकं?"

"कोरडी ठणठणीत होती."

"अस्सं." तिचं पेन कोपऱ्यावर थांबलं. "मला लोखंडावर लोखंड घासल्यासारखं वाटलं हो. सैल बोल्टासारखं."

"फोनवर कुणाला कळणार," मिस्त्री म्हणाला. आवाजात त्याने अगदी मोठेपणा आणला होता. "होतं असं."

त्या रात्री तो पोटभर जेवला, वर भातही मागून घेतला.

पहिल्या खोट्याला जरा धाप लागते. दुसऱ्याला लागली नाही. आठवड्याने एका शिंप्याच्या घरचं काम आलं. तिने लिहिलं होतं, 'स्प्रिंग सैल, एक-दीड फेरा द्यावा लागेल.' मिस्त्रीने मोटर सोडवून दार हाताने अर्ध्यावर नेलं आणि सोडलं. चांगलं दार तिथल्या तिथे थांबतं. हे हळूहळू, आळसावल्यासारखं खाली उतरलं. स्प्रिंग सैलच होती. त्याने सळया घालून बरोबर दीड फेरा दिला आणि कागदावर लिहिलं, 'रूळ वाकला होता. सरळ केला.' तिसऱ्या वेळी तिने मोटरमधलं प्लॅस्टिकचं चाक झिजल्याचं सांगितलं होतं. झाकण काढलं तर आत पांढरा भुगा पिठासारखा सांडलेला. 'साखळी ढिली,' मिस्त्रीने लिहिलं.

तो तिसरा कागद तिने घडी करून बाकीच्या कागदांत ठेवला आणि पंखा बंद केला.

"पंखा का घालवलास?"

"आवाज होतो."

दुसऱ्या दिवसापासून ती फोन डाव्या कानाऐवजी उजव्या कानाला लावू लागली. मग परत डाव्या. मग नवा फोन आणला. कोपऱ्यातलं घड्याळ तिने आतल्या खोलीत नेऊन टांगलं. मिस्त्री बोल्ट निवडत बसलेला असला की म्हणे, "थोडा वेळ थांबता का? कॉल आहे." तो थांबे. ती डोळे मिटून ऐके, आणि पूर्वी जिथे ठासून सांगायची तिथे आता तिच्या बोलण्यात 'बहुतेक' येऊ लागलं, 'असेल' येऊ लागलं. "मिस्त्री येऊन बघतील. त्यांनाच कळेल." कागदावरचा वरचा रकाना कधी कधी कोराच राही.

मिस्त्रीला हवं होतं ते मिळालं. तो पुन्हा एकटा गिऱ्हाइकाच्या दारात उभा राहून हनुवटी खाजवू लागला, इथे ठोक तिथे ठोक करू लागला, आणि शेवटी "हे बघा, हे होतं" असं जाहीर करू लागला. लोकांच्या चेहऱ्यावर हवा तो आदरही उमटू लागला. फक्त आता दुखणं सापडायला तास-तास लागे. खिशात उत्तर घेऊन फिरायची त्याला नाही म्हटलं तरी सवय झाली होती. एकदा तर तो गाडीत बसून नकळत खिसा चाचपत होता, आणि मग स्वतःवरच चिडला.

संध्याकाळी ती दारात येई, पण हात पुढे करत नसे. "झालं का काम?" एवढंच. तिच्या चेहऱ्यावरचा तो उजेड गेलेला पाहून त्याला दोन गोष्टी एकदम वाटत. हायसं वाटे, आणि स्वतःची किळस येई. दोन्ही तितक्याच खऱ्या होत्या. पण हायसं वाटलेलं त्याला लवकर कळे, आणि किळस आली की तो टीव्हीचा आवाज वाढवी.

मग त्या गुरुवारी बसड्रायव्हरचा फोन आला.

मिस्त्री तेव्हा खोलीतच होता. त्याने पाहिलं, तिने नेहमीप्रमाणे दार चालवायला सांगितलं, डोळे मिटले, आणि तिचा हात कागदाकडे गेला. तिने काहीतरी लिहिलं. थांबली. लिहिलेलं खोडलं, दोनदा, जाड रेघ मारून.

"बहुतेक चाकं कोरडी असतील," ती फोनवर म्हणाली. "मिस्त्री दुपारी येतील. तोवर चालवलंत तरी हरकत नाही."

दीड तासाने परत फोन आला. दार एका अंगाने खाली आदळलं होतं.

मिस्त्री पोचला तेव्हा दार तिरकं लटकत होतं, उजवा कोपरा फरशीवर आणि डावा हातभर वर. उजव्या कोपऱ्याखाली एक चालायचा वॉकर होता. त्याचे पुढचे दोन पाय गुडघ्यात मुडपल्यासारखे आत वळले होते. ड्रायव्हरची आई आतल्या पायरीवर खुर्चीत बसली होती, हात मांडीत घेऊन.

"मी पिशवी घ्यायला मागे वळले," ती म्हणाली. "वॉकर तिथेच ठेवला आणि वळले. दोन पावलं."

"लागलं नाही ना आजी?"

"नाही. मी वळलेच होते." ती तेच परत सांगत होती, जणू कुणी तिला दोष दिला होता.

ड्रायव्हर मोठा सरळ माणूस. तो अजिबात ओरडला नाही. "ताईंचा तरी काय दोष?" तो म्हणाला. "फोनवर कुणाला कळणार."

मिस्त्रीने आपलेच शब्द त्या माणसाच्या तोंडून ऐकले आणि शिडी उघडायला सुरुवात केली. आधी दाराला टेकू दिला, मग स्प्रिंगचा ताण एकेक फेरा करून उतरवला. ढोलावरची, दार उचलून धरणारी उजवी तार तुटली होती. तुटलेल्या टोकाचे धागे पिंजून आलेले, काही ताजे चकचकीत आणि काही आधीपासूनचे गंजलेले. म्हणजे कित्येक दिवस दर फेऱ्याला टिकटिक झाली असणार. त्याने दोन्ही बाजूंच्या तारा नव्या घातल्या. वॉकरचे पाय पकडीने सरळ करून पाहिले, ते झाले नाहीत. घरी परतण्याआधी त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन नवा वॉकर आणला आणि बसड्रायव्हरच्या घरी नेऊन दिला. तो देतानाही त्याची मान वर झाली नाही.

घरी बायको दारात उभी होती.

"तार?" तिने विचारलं.

"तार."

तिने कागद आणला. जाड रेघेखाली अक्षरं अजून दिसत होती. 'उजवी तार. दाराखाली उभं राहू नका.'

"मला ऐकू आली होती," ती म्हणाली. "साफ. पण म्हटलं, तीन वेळा तोंडघशी पडलोय आपण. माझ्या कानांचं आता काही खरं नाही. म्हणून मीच खोडलं. ड्रायव्हरने फोनवर सांगितलं सगळं. ती बाई दोन पावलं मागे गेली नसती तर?"

हीच वेळ होती. मिस्त्रीच्या ते जिभेवर आलं होतं. डॉक्टरीणबाईंचा बोल्ट, शिंप्याची स्प्रिंग, तो पांढरा भुगा. तीन वाक्यांचं काम. त्याने तोंड उघडलं.

"वय झालं की होतं असं," तो म्हणाला. "सगळ्यांचंच होतं."

ती मान हलवून हो म्हणाली. "मी वेळ घेऊन ठेवलीय. कान तपासायची. शनिवारी सकाळी. याल ना बरोबर? मला तिथे एकटीला धीर व्हायचा नाही."

शनिवारी ते दोघं कानांच्या दवाखान्यात बसले होते. खोलीच्या एका बाजूला काचेची लहानशी कोठडी होती, आत एक खुर्ची आणि कानांवर लावायचा जाडजूड हेडफोन. तपासणारी मुलगी तरतरीत होती. तिने बायकोला आत नेऊन बसवलं.

"काकू, आवाज आला की बोट वर करायचं. अगदी बारीक आला तरी. आला असं वाटलं तरी करा."

दार बंद झालं. मिस्त्री काचेपाशी उभा राहिला.

त्याच्या मनात त्या वेळी काय होतं, हे त्याला कुणी विचारलं असतं तर त्याने सांगितलं नसतं. पण होतं ते असं: काहीतरी निघू दे. फार नको. एका कानात, थोडंसं. म्हणजे ते तीन कागद खोटे असूनही खरे ठरतील, तिलाही कारण मिळेल, आणि सगळं आपोआप मिटेल. असं त्याने बायकोच्या कानांसाठी मागितलं, मनापासून मागितलं.

आत तिने डोळे मिटले होते. बोट वर झालं. खाली आलं. परत वर. मुलगी मशीनवरचं बटण फिरवत होती, आकडा खाली उतरवत होती, आणि बोट वर होतच होतं, झटकन, शंका नसल्यासारखं. मुलीने मशीनकडे निरखून पाहिलं. वायर काढून परत लावली. बोट वर झालं.

बायको बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. "किती गेलंय?" तिने विचारलं. "खरं सांग हं."

"काकू, गेलंय कुठे?" मुलीने आलेखाचा कागद तिच्यापुढे धरला. "हे विशी-पंचविशीतले कान आहेत. मला वाटलं, मशीनच बिघडलं. तुम्हाला ऐकू येत नाही असं कशावरून वाटलं?"

बायकोने सांगण्यासाठी तोंड उघडलं. "अहो, माझं ना तीन वेळा..." आणि ती थांबली.

मिस्त्रीने पायातल्या बुटांकडे पाहिलं. खोलीत एअरकंडिशनर चालू होता. तो चालू असल्याचं त्याला आत्ता कळलं, कारण समोरचा पडदा हलत होता.

"दोन्ही कान?" तिने मुलीला विचारलं.

"दोन्ही."

"म्हणजे मला टिकटिक ऐकू आली, तर ती टिकटिक असतेच?"

"असतेच की काकू. तुम्हाला ऐकू आली म्हणजे आहे."

तिने आलेखाची घडी केली. घाई न करता, कडा जुळवून. मग दुसरी घडी. त्यानंतर तिने मिस्त्रीकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं; रागाला उत्तर देता येतं. ती नुसती पाहत होती, खालपासून वरपर्यंत, आणि तिचा चेहरा थकलेला होता.

"आता यांचे बघा," ती मुलीला म्हणाली.

"माझे? मला काय झालंय?"

"आलोच आहोत तर."

"अगं, उगाच त्यांचा वेळ कशाला..."

"बसा आत," ती म्हणाली. एकतीस वर्षांच्या संसारात त्या आवाजात ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती. मिस्त्री आत जाऊन बसला.

हेडफोन जड होता. दार बंद झाल्यावर बाहेरचं सगळं तुटलं. काचेपलीकडे त्या दोघी शेजारी-शेजारी उभ्या होत्या. मुलगी काहीतरी म्हणाली, बायकोने मान डोलावली. आपल्याबद्दल बोलत असणार, त्याला वाटलं. आणि एवढं सगळं होऊनही, त्या खुर्चीत बसल्या-बसल्या मिस्त्रीच्या मनात आलं ते हेच, की तिच्यापेक्षा कमी यायला नको.

पहिला आवाज आला, भोंग्यासारखा. त्याने बोट वर केलं. दुसरा आला, जरा लहान. बोट वर. तिसरा आला का? असावा. बोट वर.

मग शांतता झाली. ती लांबली. एवढा वेळ मुलगी काही नुसती बसलेली नसणार. मिस्त्रीने काचेतून नीट पाहिलं, आणि सव्वीस वर्षं यंत्रांच्या सवयी ओळखण्यात गेलेल्या त्या माणसाला युक्ती सापडायला कितीसा वेळ? बटण दाबताना मुलीचा कोपर जरासा बाहेर येत होता. कोपर हलला की बोट वर. हलला की वर. चार वेळा, पाच वेळा, अगदी तालात जमलं. मुलीच्या लक्षात आलं असावं, कारण तिने खुर्ची फिरवली आणि आता फक्त तिची पाठ दिसू लागली. मिस्त्री डगमगला नाही. तो मनात तीनपर्यंत मोजून बोट वर करू लागला.

हेडफोनमध्ये एकदम मुलीचा आवाज आला, मोठा आणि मऊ.

"काका, मी आत्ता काहीच लावलेलं नाहीये. ऐकू आलं तरच बोट वर करायचं. नाही आलं तर नाही करायचं. यात पास-नापास काही नसतं."

मिस्त्रीचं बोट हवेतच राहिलं होतं. त्याने बायकोकडे पाहिलं. ती काचेला अगदी लागून उभी होती, पर्स पोटाशी धरून, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती. ती त्याच्या बोटाकडे पाहत होती.

त्याने हात गुडघ्यावर ठेवला.

मुलगी मशीनवर वाकली. म्हणजे आता सुरू झालं असणार. त्याने श्वास धरून कान दिला. आत त्याचा स्वतःचाच श्वास होता, छातीतली धडधड होती, आणि त्यापलीकडे काही नव्हतं. अंदाजाने बोट उचललं असतं तर दहातले चार तरी बरोबर आले असते, एवढा हिशेब त्याला येत होता. बोट एकदा हललंही. त्याने ते गुडघ्यावर दाबून धरलं.

मुलीने मागे वळून पाहिलं. परत वाकली. मिस्त्रीचा हात तिथेच होता. मग परत एकदा. मग आणखी एकदा. त्याने मान हलवली, नाही. पुढच्या वेळी हलवण्याआधी त्याने डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनीच हलवली. नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. त्याने डोळे उघडले तेव्हा बायको काचेपाशी नव्हती. तो दचकून अर्धा उठला. मग त्याला दिसलं, तिने भिंतीकडची खुर्ची कोठडीच्या दाराजवळ ओढून आणली होती आणि ती त्यावर बसत होती.